अकरा नंबरच्या कॉटवर

सर्व वाचकांना, त्यांच्या पाहुण्यारावळ्यांना आणि विशेषतः दवाखान्यात जेवणाचा डबा घेऊन जाणाऱ्या तमाम आप्तेष्टांना या निवेदनाद्वारे अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, पुढील मजकुरात एक बाई शुद्ध हरपून पडेल, एक अध्यक्ष रागावतील, एका मुलीची नोकरी टांगणीला लागेल. परंतु आरोपी सापडणार नाही. ज्यांना आरोपी हवाच असेल त्यांनी पानं उलटून या अंकातल्या एखाद्या रहस्यकथेकडं वळावं. तिथं खून असेल आणि खुनीही असेल. आमच्याकडं तशी सोय नाही.

आता बसा निवांत.

मी ब्रदर. म्हणजे नर्सच, पण पुरुष. आमच्या दवाखान्यात बाई असेल तर सिस्टर आणि बाप्या असेल तर ब्रदर. माझं खरं नाव इतक्या वर्षांत इतकं मागं पडलंय, की माझी बायकोसुद्धा रागावली की मला ब्रदर म्हणते, आणि ते ऐकायला फार वाईट वाटतं. केजहून अंबाजोगाईकडं निघालं की वाटेत लागणाऱ्या एका गावात ट्रस्टचा दवाखाना आहे, तिथं माझी नोकरी. गावाचं नाव सांगणार नाही. सांगितलं तर गावातला प्रत्येक जण म्हणेल की हे आमच्याच चुलतीचं झालं होतं.

गेली काही वर्षं माझ्या खोलीच्या दारावर पाटी आहे, ‘रुग्ण सुरक्षा’. ती वाचून लोक मला वॉचमनचा साहेब समजतात. चप्पल चोरीला गेली, मोबाईल हरवला, की माझ्याकडं येतात. खरं काम वेगळं आहे. दवाखान्यात माणूस बरा व्हायला येतो. पण कधीकधी दवाखान्यामुळंच त्याला इजा होते. चुकीचं औषध जातं, पेशंट पडतो, एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या हातात पडतो. असं काही झालं, किंवा होता होता राहिलं, तर ते कसं झालं हे शोधायचं आणि परत होऊ नये म्हणून काय बदलायचं ते सांगायचं. कोणी केलं हे शोधायचं नाही. कसं झालं ते शोधायचं. या दोन शब्दांत केवढं अंतर आहे हे मला त्या गुरुवारी कळलं, पण त्याकडं येतो.

या कामासाठी आम्हाला मोठ्या शहरात नेऊन शिकवलं. येताना एक जाडजूड मार्गदर्शिका दिली, रंगीत कार्डं दिली आणि माशाच्या सांगाड्यासारखा एक तक्ता दिला. त्या सांगाड्याच्या एकेका काट्यावर चुकीचं एकेक कारण लिहायचं असतं. तो तक्ता भिंतीवर लावला त्या दिवशी वॉर्डातल्या मामांनी दारातून डोकावून विचारलं, “ब्रदर, आज डब्यात काय?” शेवटी मी त्या सगळ्या मार्गदर्शिकेचा अर्क आमच्या बोलीत काढला. एकच शब्द निघाला. कावून. का झालं हे? कावून? उत्तर आलं की त्या उत्तराला परत कावून. लहान पोर जसं बापाचा जीव खातं तसं. बाप ज्या जागी ‘गप बस’ म्हणतो, तिथं तपास खरा सुरू होतो.

एक छोटा नमुना सांगतो. पुरुषांच्या वॉर्डात पेशंट बाथरूममध्ये घसरून पडायचे. कावून? फरशी ओली. पण त्याच ओल्या फरशीवर चप्पल घालून जाणारा पडत नव्हता, अनवाणी जाणाराच पडत होता. मग अनवाणी कावून? चपला वॉर्डाच्या दारात काढलेल्या. दारात कावून? दारावर पाटी होती, ‘चपला बाहेर काढा’. आणि ती पाटी कावून? स्वच्छतेच्या तपासणीला पाहुणे येणार होते म्हणून आम्हीच लावलेली, छान पितळी चौकटीत. पेशंटला पाडायची व्यवस्था आम्ही स्वतःच करून ठेवली होती आणि रोज सकाळी तिला पॉलिश करत होतो. आमच्या अधीक्षक डॉक्टर मॅडमनी स्वतः स्टुलावर चढून ती काढली.

तर गुरुवार.

सकाळी मी खोलीत चहा ओतून घेत होतो, तेवढ्यात बायकांच्या वॉर्डातून गलका आला. रडण्याचा गलका आम्ही ओळखतो, भांडणाचाही ओळखतो. हा वेगळाच होता. कुणीतरी आरती सुरू करावी तसा. मी धावलो.

अकरा नंबरच्या कॉटवर एक बाई बसल्या बसल्या डोलत होती. केस सुटलेले, अंग घामानं निथळत, हात थरथरत, तोंडानं काहीतरी अस्पष्ट बोलणं. भोवती वॉर्डातल्या बाया हात जोडून उभ्या. एकीनं पिशवीतला करंडा काढून तिचं कपाळ कुंकवानं भरून टाकलेलं.

“गुरवार हाय. उपासबी धरलाय. आईच आली असंल,” एक म्हातारी म्हणाली.

दुसरीनं लगेच संधी साधली. “आई, माझ्या थोरल्याचं जमंल का औंदा?”

आता मी रंगभूमीवरचा माणूस आहे. आमच्या वस्तीत जयंतीला नाटक असतं, त्यात मी राजापासून भुतापर्यंत सगळ्या भूमिका केलेल्या आहेत. डोलायचं कसं, डोळे कसे फिरवायचे, हे मला नीट येतं. आणि म्हणूनच एका नजरेत कळलं की यातलं काहीच सोंग नाही. सोंगात घाम असा हनुवटीवरून ठिबकत नाही.

माझ्यामागून अश्विनी सिस्टर आली. तरुण मुलगी, नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. तिनं बायांना बाजूला सारलं, बाईच्या बोटाला टोचून रक्तातली साखर बघितली आणि तो आकडा बघून ती पांढरी पडली. साखर जवळजवळ संपलीच होती. मग तिनं कॉटकडं बघितलं, बाईकडं बघितलं, आणि सगळ्या वॉर्डासमोर, जराही आवाज न दाबता म्हणाली, “ब्रदर, मी यांना इन्सुलिन दिलंय. ग्लुकोज आणा.”

तेवढ्यात बाई आडवी झाली. शुद्ध गेली.

इन्सुलिन म्हणजे काय ते सांगतो. ज्याची साखर वाढलेली असते त्याच्यासाठी ते औषध आहे. धडधाकट आणि उपाशी माणसाला दिलं तर असलेली साखरही ते पार खाली नेतं, आणि मेंदू उपाशी पडतो. थोडा वेळ गेला तर माणूस वाचतो. जास्त गेला तर नाही. आणि साखर का उतरली हे कळलं नाही तर डॉक्टर भलतंच शोधत बसतात. एकदा ग्लुकोज देऊन माणूस शुद्धीवर आला तरी इन्सुलिन आत काम करत असतं, साखर परत उतरते. अश्विनीनं सांगितलं, म्हणून ग्लुकोजची बाटली थांबली नाही आणि दर थोड्या वेळानं साखर बघितली गेली.

शिरेतून ग्लुकोज गेलं. बाईंनी डोळे उघडले, कपाळावरचं कुंकू नाकावर ओघळलेलं, आणि भोवतीची गर्दी बघून विचारलं, “एवढ्या बाया कावून जमल्यात? कोण गेलं?”

हसावं की रडावं ते कळेना. त्यात डॉक्टर मॅडमनी केसपेपर उचलला आणि आमच्या सगळ्यांच्या पायाखालची जमीन सरकली. केसपेपरवर नाव होतं सुरेखा जाधव, ताप आणि वाढलेली साखर. समोर झोपलेल्या बाईंनी आपलं नाव सांगितलं, गयाबाई जाधव. सुरेखाची सासू. सोबतीला आलेली. गुडघे सोडले तर त्यांना काहीही झालेलं नव्हतं.

सोबतीला आलेल्या माणसाला आम्ही मरणाच्या दारात नेऊन आणलं होतं.

दुपारच्या आत जाधवांची गाडी आली. गयाबाईंचा मुलगा, म्हणजे सुरेखाचा नवरा भागवत, आणि त्याचे चुलत भाऊ. एकानं दारातच मला गाठलं. “काय बे, माणूस बघून सुई देत न्हाईत का तुमच्यात?” प्रश्न अगदी बरोबर होता.

त्यानंतर आमच्या ट्रस्टचे अध्यक्ष अण्णासाहेबांचा फोन आला. अण्णासाहेब वाईट माणूस नाहीत. दवाखाना त्यांच्या वडिलांनी दिलेल्या जमिनीवर उभा आहे, आणि अडल्या नडल्याला त्यांची गाडी मध्यरात्रीही मिळते. पण पंचक्रोशीचं राजकारण करणाऱ्या माणसाला निर्णय लोकांसमोर जाहीर करायला फार आवडतं.

“ब्रदर, ती पोरगी कुठली?”

“शिरूर कासारची, अण्णासाहेब.”

“संध्याकाळी मी येतो. जाधवांच्या लोकासमोर सांगतो, आजपासून तिला काढलं. आन् नर्सिंग कौन्सिललाबी कळवा.”

“अण्णासाहेब, तपास...”

“ती स्वतःच म्हणली ना मी दिलं म्हणून? मग तपास कशाचा राहिला?”

फोन ठेवला. माझ्या समोरच्या खुर्चीत अश्विनी बसलेली होती. अण्णासाहेब फोनवरही सभेत बोलावं तसं बोलतात, त्यामुळं तिनं सगळं ऐकलं होतं. तिचे आईवडील तेव्हा दूर कारखान्यावर ऊसतोडीला गेले होते. घरात पगार आणणारं पहिलं माणूस म्हणजे ही. मी चहा पुढं केला. तिनं घेतला नाही.

“मी पट्टी बघितली होती, ब्रदर. नाव वाचलं. मग त्यांना विचारलंसुद्धा. हो म्हणाल्या.”

दवाखान्यात दाखल झालेल्या प्रत्येकाच्या मनगटाला नावाची पट्टी असते. औषध देण्याआधी ती वाचायची, हा नियम. पण गयाबाई पेशंटच नव्हत्या. त्यांच्या मनगटाला पट्टी असणंच शक्य नव्हतं, आणि नव्हतीही. म्हणजे ही मुलगी खोटं बोलतेय, असं सगळा स्टाफ दबक्या आवाजात म्हणायला लागला होता.

“ब्रदर,” ती म्हणाली, “मी बोलले नसते तर?”

“तर गयाबाई बहुतेक गेल्या असत्या.”

“आणि मी राहिले असते.”

तिच्या एका वाक्यानं बाई वाचली होती आणि त्याच वाक्यानं तिची नोकरी जायला निघाली होती. संध्याकाळी ती बाहेर पडली असती, तर दुसऱ्या दिवसापासून या दवाखान्यात कुठलीही सिस्टर कुठलीही चूक तोंडातून बाहेर काढणार नव्हती. मी उगाच म्हणत नाही. माझ्या खोलीला ही पाटी लागायच्या आधी आमच्याकडं चूक झाली की नोटीस जायची, नोटीस गेली की माणूस जायचं, आणि सगळे हात झटकून मोकळे. त्या गेलेल्या माणसांपैकी कुणाकुणाचं ऐकून घ्यायला हवं होतं, हे आता कुठून कळणार? काही चेहरे आठवतात. त्यांच्यानंतर त्याच चुका दुसऱ्यांच्या हातून परत झाल्या, तेही आठवतं.

संध्याकाळपर्यंत वेळ होता. मी उठलो.

खुर्चीत बसून तपास होत नाही, जागेवर जावं लागतं. मी औषधांचा ट्रे हातात घेतला, वॉर्डाच्या दारातून अश्विनी जशी आली तसा आलो, आणि अकरा नंबरच्या कॉटपाशी ती जिथं उभी होती तिथं उभा राहिलो. डॉक्टर मॅडम मागं होत्या. मी खाली बघितलं, आणि हातातला ट्रे कॉटवर ठेवला.

कॉटच्या लोखंडी दांड्याला पट्टी बांधलेली होती. लाल दोऱ्यानं, नीट दोन गाठी मारून. ‘सुरेखा जाधव’.

अश्विनीनं खरंच पट्टी वाचली होती. पट्टी कॉटच्या हाताला होती.

सुरेखा भिंतीकडं तोंड करून बसली होती. आम्ही विचारलं, पट्टी इथं कशी? ती पदर पुढं ओढून हळू आवाजात म्हणाली, “हातात बांगड्या हायत्या ना. पट्टी अडकायची. धुणंभांडं करताना भिजायची. नाव पुसंल, म्हणून कातरून जपून बांधून ठिवली.”

जपून. निष्काळजीपणा शोधायला गेलो आणि काळजी सापडली. बांगड्या उतरवणं तिच्या मनातही येणार नव्हतं, आणि दवाखान्याचा कागद खराब होऊ देणंही तिला बरं वाटत नव्हतं. दोन्हीला धक्का न लावता तिनं वाट काढली होती.

मॅडम म्हणाल्या, “ब्रदर, बाकीच्या बघूया.”

आम्ही एकेक कॉट बघत निघालो. तेरा नंबरची पट्टी दांड्याला. चौदा नंबरचीही. एक पट्टी उशाशी ठेवलेल्या देवाच्या तसबिरीला. एक डब्याच्या कडीला, म्हणजे डबा घरी गेला की पेशंटचं नावही घरी जायचं. मनगटावर फक्त त्यांच्याच होत्या ज्यांना उठताबसता येत नव्हतं. मॅडम स्टुलावर बसल्या. त्यांचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता.

“म्हणजे आपण इतके दिवस कॉटांना औषधं देत होतो?”

पण अजून सगळ्यात मोठा धक्का बाकी होता. पट्टी कॉटला होती हे कळलं. कॉटवर सासू कशी होती? कावून? मी सुरेखासमोर खाली फरशीवर बसलो.

“तू कुठं होतीस सकाळी?”

“हितंच. खाली.” कॉट आणि भिंत यांच्यामध्ये एक चिंचोळी जागा होती. तिथं घोंगडी अंथरलेली. दारातून आलेल्या माणसाला ती दिसतच नाही.

“आजारी तू, आणि खाली कावून?”

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी शिकलेला असून मला साधं कळत नाही. “आत्या खाली आन् मी वर, आसं कसं निजू? मला झोपच येत न्हाई.”

आत्या म्हणजे सासू. आमच्याकडं सून सासूला तसंच म्हणते. कुणी तिला सांगितलं नव्हतं. गयाबाईंनी उलट दोनदा ‘तू वर नीज’ म्हणून बघितलं होतं. पण थोरलं माणूस जमिनीवर आणि आपण पलंगावर, हे तिच्या अंगालाच सोसत नव्हतं. आणि दवाखान्यानं सोबत आलेल्याला बसायला काय ठेवलं होतं? काहीच नाही. जमीन.

“सिस्टर आली तेव्हा तू जागी होतीस?”

“व्हते.”

“सुई देताना बघितलंस?”

“बघितलं की.”

“मग बोलली का नाहीस?”

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “आत्याच्या हाताला दिली. मला वाटलं त्यान्लाबी काही निघालं असंल. मोठ्या माणसाच्या मधी कसं बोलू?”

मी खरंच हादरलो. आपली सुई दुसऱ्याच्या दंडात जाताना हिनं दोन हातांवरून बघितली होती आणि मर्यादा पाळली होती.

गयाबाईंना तोवर शेजारच्या बारा नंबरवर रीतसर दाखल केलं होतं. ग्लुकोजची बाटली चालू, स्वतःचा केसपेपर, स्वतःची पट्टी. त्या एकदम टवटवीत होत्या.

“मावशी, सिस्टरनं नाव विचारलं होतं?”

“इचारलं. ‘जाधव का?’ म्हणली. मी म्हणलं हो. जाधवच हाय की मी, लगीन झाल्यापासून.”

“आणि सुई कशाची ते तुम्ही नाही विचारलं?”

“गुडघ्याची असंल म्हणलं. पोरगी लई मायेनं हात धरीत व्हती. तिला न्हाई कसं म्हणायचं?”

खोलीत येऊन मी जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून भिंतीवर चिकटवली आणि सकाळपासूनची एकेक गोष्ट क्रमानं लिहीत गेलो. आधी रक्त घेणारा आला. तेव्हा गयाबाई आंघोळीला गेल्या होत्या म्हणून सुरेखा कॉटवर बसली होती. त्यामुळं रक्त बरोबर माणसाचं गेलं. साखर वाढलेली आली, तीही बरोबर. डॉक्टरांनी इन्सुलिन लिहिलं, तेही बरोबर. या वॉर्डाची रोजची सिस्टर नंदा, ती भावाच्या लग्नाला गेलेली. नंदा प्रत्येकीला तोंडानं ओळखायची. ती रोज वाकून खाली निजलेल्या सुरेखालाच सुई द्यायची. तिला सगळं माहीत होतं, इतकं की त्यात काही सांगण्यासारखं आहे असं तिला कधी वाटलंच नाही. तिच्या जागी ऑपरेशनच्या वॉर्डातून अश्विनीला पाठवलं. तिनं कॉट बघितली, पट्टी वाचली, नाव विचारलं, हो आलं. प्रत्येक पायरी आपापल्या जागी बरोबर. आणि सगळ्या बरोबर पायऱ्या चढून आम्ही एका धडधाकट बाईच्या दंडापर्यंत पोचलो होतो.

पुढं काय बदललं ते इथंच सांगून टाकतो. पट्टी आता पायाला असते, पैंजणाच्या वर. तिथं धुणं होत नाही. ‘जाधव का?’ असं आमच्याकडं कुणी विचारत नाही. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’ असं विचारतात, म्हणजे नुसती मान हलवून भागत नाही. प्रत्येक कॉटशेजारी सोबत्यासाठी बाकडं आलं, आणि त्याची उंची कॉटच्या बरोबरीची आहे. सुताराला कळेना की बाकडं इतकं उंच कशाला. त्याला सांगितलं, एका बोटानंही कमी करू नकोस. आणि अश्विनी अजून आमच्याकडंच आहे. नवीन सिस्टरांना पट्टी कशी बघायची हे आता ती शिकवते. तिची नोकरी कशी राहिली तेवढं सांगायचं उरलं.

संध्याकाळी अण्णासाहेब आले. पांढरेशुभ्र कपडे, मागं चार माणसं. जाधव मंडळी दारात उभीच होती. अश्विनी भिंतीला टेकून, हातात तिची पर्स. तिनं घरी न्यायच्या वस्तू आधीच भरून ठेवल्या होत्या.

मी अण्णासाहेबांना आधी माझ्या खोलीत नेलं, भिंतीवरची पानं दाखवली, सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. माझ्या परीनं रंगवून सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतली, कुंकवाच्या जागी हसलेही. मग म्हणाले, “ते सगळं ठीक हाय, ब्रदर. पण माणूस बघून सुई द्यायची, यात आवघड काय हाय? लोकाला मी काय सांगू, पट्टी कॉटला व्हती म्हणून?”

“अवघड काहीच नाही. तुम्ही एकदा करून बघता? आपल्या मार्गदर्शिकेतच आहे, घडलं तसं परत करून बघायचं.”

मला वाटलं, चिडतील. पण समोर लोक जमलेले आणि हातात करून दाखवण्यासारखं काहीतरी. अण्णासाहेब कसले नाही म्हणतात? “आणा इकडं,” म्हणाले.

मी ट्रेमध्ये सुई नसलेली रिकामी सिरिंज ठेवली. माझा बेत साधा होता. अकरा नंबरवर सुरेखा झोपलेली असणार; दुपारी मी स्वतः तिला कॉटवर निजवून, पांघरूण घालून आलो होतो. अण्णासाहेब नुसतं आडनाव विचारतील, ती हो म्हणेल. मग मी बारा नंबरच्या गयाबाईंना तोच प्रश्न विचारायला लावीन, त्याही हो म्हणतील, आणि नुसत्या ‘हो’वर विसंबणं किती धोक्याचं ते त्यांच्या लक्षात येईल. एवढंच.

अण्णासाहेब ट्रे घेऊन वॉर्डात शिरले. मागं भागवत, त्याचे भाऊ, डॉक्टर मॅडम, मी. दारात अश्विनी. सगळा वॉर्ड उठून बसला. ते अकरा नंबरपाशी थांबले, पायथ्याचा केसपेपर वाचला, मोठ्यानं वाचला. कॉटवर बाई तोंडावर पदर घेऊन पडलेली.

“जाधव का?”

“हो बाबा, जाधव.” पदराखालून आवाज आला, आणि पाठोपाठ हात. दुसऱ्या हातानं बांगड्या वर सरकवलेल्या, दंड पुढं केलेला.

अण्णासाहेबांनी वळून आमच्याकडं बघितलं. चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव. “बघा. झालं. नाव बघितलं, इचारलं, दिली.” आणि त्यांनी सिरिंज त्या दंडाला टेकवली.

बाईंनी पदर बाजूला केला. मी या बाईंना जन्मात बघितलं नव्हतं. भागवतचं तोंड उघडंच राहिलं. “आवो, ही तर माझी चुलती. नांदूरघाटची.” दुपारच्या गाडीनं त्या भाकरी घेऊन आल्या होत्या. प्रवासानं कंबर धरली म्हणून जरा टेकल्या होत्या. सुरेखानं लगेच जागा करून दिली होती.

अण्णासाहेब सिरिंज तशीच टेकवून उभे. दारात अश्विनीनं तोंडावर हात घेतला होता. अण्णासाहेबांनी एकदा केसपेपरकडं बघितलं, एकदा त्या अनोळखी दंडाकडं, एकदा अश्विनीकडं, आणि तिच्याकडं बघताना त्यांचा हात खाली आला.

तेवढ्यात कॉट आणि भिंत यांच्या मधून आधी एक हात वर आला, मग डोकं. पदर खांद्यावर पडलेला, समोर नवरा, दीर, अध्यक्ष, कशाचंही भान नाही. त्या माणसांसमोर जिनं आजवर तोंड उघडलं नव्हतं ती सुरेखा सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आवो साहेब, त्यान्ला कावून टोचता? आजारी मी हाय.”